सातव्या भोकाची मोजणी

व्याह्यांनी एखादं काम सोपवलं की मुलीच्या बापाने एक तर आजारी पडावं, नाहीतर परगावी निघून जावं. फूटपट्टीसाहेबांनी यातलं काहीही केलं नाही. हातातला चहाचा कप खाली ठेवून, घसा साफ करून ते "माझ्यावर सोडा" असं म्हणाले आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

फूटपट्टी हे त्यांचं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. चौतीस वर्षं त्यांनी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि या सगळ्या वर्षांत एका रेघेनेही ते वाकडे गेले नाहीत, म्हणून कचेरीतल्या लोकांनी प्रेमाने (निदान साहेबांची तशी समजूत होती) हे नाव ठेवलं होतं. "जागेवर गेल्याशिवाय सही नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी लग्नाच्या पंक्तीत ऐकवलं होतं, न्हाव्याला ऐकवलं होतं, आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंडात कापसाचे बोळे असतानाही ऐकवलं होतं. ते डॉक्टरच पुढे व्याही झाले. बोळ्यांमुळे त्यांना त्या वेळी काय ऐकू आलं कोण जाणे, पण माणूस सरळ आहे एवढं त्यांना पटलं.

हा नियम चौतीस वर्षांत एकदाच मोडला होता. साहेब ती गोष्ट विसरले होते. म्हणजे, विसरायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवलेली गोष्ट ते पार पाडत असत.

तर काम असं होतं. डॉक्टरांना पंचावन्नाव्या वर्षी गोल्फचं वेड लागलं. दोन्ही घरांनी मिळून पाच दिवस समुद्रकिनारी जायचं, छान ऊन खायचं आणि डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या मैदानांवर खेळायचं, असा बेत ठरला. मैदानं कुठली ते साहेबांनी निवडायचं. "तुम्ही आयुष्यभर जमिनी पाहिल्या," डॉक्टर म्हणाले, "चांगली जमीन तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?" यावर नाही म्हणायला फार मोठं काळीज लागतं. साहेबांचा गोल्फशी आलेला संबंध म्हणजे टीव्हीवर गोल्फ लागला की ते चॅनेल बदलत, एवढाच.

साहेब गोल्फ कोर्स निवडताहेत ही बातमी जिन्यात पसरायला एक दुपार पुरली. समोरच्या शिवणकामवाल्या काकू तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाल्या, "कोर्स किती महिन्यांचा आहे? शेवटी सर्टिफिकेट देतात ना?"

"अहो, कोर्स म्हणजे मैदान."

"मग मैदान म्हणा की. उगाच माणसाला कामाला लावता."

वरच्या मजल्यावरचे विमावाले मात्र गंभीर झाले. मैदानावर चेंडू घालायची अठरा भोकं असतात, त्यातल्या सातव्या भोकापासून जपा, असं त्यांनी सांगितलं. का, ते त्यांनाही सांगता येईना. त्यांच्या एका गिऱ्हाइकाने कधीतरी तसं म्हटलं होतं, आणि मग त्या गिऱ्हाइकाने हप्ते भरणं आणि गोल्फ खेळणं दोन्ही सोडून दिलं होतं. साहेब घरी येऊन बायकोला म्हणाले, "लोकांना फुकटचे सल्ले द्यायला काय जातं!" पण वहीत त्यांनी 'सातवं भोक' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग टेबलावर माहितीपुस्तकं पसरली. साहेबांनी टोकदार पेन्सिल, जाड भिंग आणि खरीखुरी फूटपट्टी काढली. एका मैदानाची उत्तर हद्द नदीला भिडत होती. नदीकाठची हद्द कधी एका जागी राहत नाही, म्हणून ते बाद. दुसऱ्याच्या नकाशावर प्रमाणच दिलेलं नव्हतं. त्याला साहेबांनी मनातल्या मनात कारणे दाखवा नोटीस काढली आणि तेही बाद केलं. खेळायला कुठलं मैदान चांगलं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एकदाही आला नाही. चार दिवसांनी तीन मैदानं उरली, तिन्ही कशी चोख हद्दीची आणि स्वच्छ निघाली, आणि साहेबांनी फोन उचलला.

पहिल्या मैदानाचा कारकून म्हणाला की सध्या गवत विश्रांती घेतंय. गवताला किती दिवसांची रजा असते, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते गवतावर आहे." आणि फोन ठेवता ठेवता, जसं काही किरकोळ आठवावं तसं, पुढे म्हणाला, "शिवाय तुमचं नाव दुसरीकडे लागलंय."

दुसऱ्या मैदानाने अर्ज पाठवला. त्यात 'हँडिकॅप' असा रकाना होता. साहेबांनी खरं ते लिहिलं: डावा गुडघा, विशेषतः जिना उतरताना. उलट टपाली उत्तर आलं की हँडिकॅप म्हणजे खेळातल्या कौशल्याचा आकडा, गुडघा नव्हे, तरी खेळणाऱ्या डॉक्टरांचा आकडा पाठवावा. आणि तळाला वेगळ्या शाईत: आपलं नाव दुसरीकडे लागलेलं आहे.

तिसऱ्या मैदानाचा फोन एका बाईने उचलला. मागे कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं. नळाखाली बादली भरत आली की आवाज बारीक होत जातो ना, तसं. साहेबांनी नाव सांगताच बाई म्हणाली, "हो, हो. माहितीय. पण तुमचं तर आमच्याकडे नाही, पलीकडच्या मैदानावर आहे. बरेच दिवस झाले नाव लागून."

"मी कुठेही नाव लावलेलं नाही," साहेब ताठ होऊन म्हणाले. "आणि पलीकडचं कुठलं? माझ्या यादीत पलीकडे काही नाही."

"तुम्ही लिहिलं होतंत तसं," बाई म्हणाली. बादली भरली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी टपालाने पाकीट आलं. ते वाचून साहेब खुर्चीत बसले. बायकोने हातातून कागद घेतला.

"अहो, हे तर तुमच्याच खात्याचं पत्र दिसतंय."

खरंच तसं होतं. वर त्या पलीकडच्या मैदानाचं नाव छापलेलं होतं, पण खालची भाषा साहेबांनी चौतीस वर्षं स्वतः घोटलेली होती. 'आपणास कळविण्यात येते की, आपण खालील तारखेस सकाळी अकरा वाजता समक्ष जागेवर हजर राहावे. हजर न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत मोजणी करण्यात येईल व नंतर कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.' अशा हजारो नोटिसा साहेबांनी लोकांना पाठवल्या होत्या. आपल्याला अशी नोटीस आली की माणूस ती पहिल्या ओळीपासून पुन्हा का वाचतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"गंमत करतात हे लोक, जाहिरातीची नवी तऱ्हा असेल," ते म्हणाले. बायकोने कागद पुन्हा उजेडात धरला. तिला तारीख दिसली होती. लेकीचा वाढदिवस होता त्या दिवशी.

आता शहाण्या माणसाने व्याह्यांना फोन करून सरळ सांगितलं असतं की एकही मैदान मिळत नाही. पण व्याह्यांसमोर हार मानायची म्हणजे काय ते ज्याला मुलगी आहे त्यालाच समजेल. साहेबांनी फोन केला आणि म्हणाले, "तीनऐवजी एकच निवडलंय, पण अस्सल. मी स्वतः खात्री केली आहे." 'जागेवर जाऊन' हे शब्द मात्र तोंडापर्यंत येऊन परत गेले.

किनारा पुस्तकात दाखवतात तसाच होता. ऊन इतकं की सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गोळा होऊन बसल्या होत्या. जावई पहिल्याच दिवशी भाजून लाल झाला आणि हॉटेलात पंख्याखाली पडून राहिला, त्याच्या उशाशी विहीणबाई बसल्या. वाढदिवसाच्या सकाळी मैदानावर निघाले ते चौघंच: डॉक्टर, साहेब, साहेबांची बायको आणि लेक. डॉक्टरांच्या अंगावर पांढरी विजार, पांढरी टोपी आणि तळाला खिळे असलेले पांढरे बूट होते. ते बूट त्यांनी वर्षभर फक्त गच्चीवर वापरले होते.

मैदानाच्या कचेरीत कुणी नव्हतं. टेबलावरचा पंखा कागद उडवत होता आणि कागदांवर वजन म्हणून एक जुनं कुलूप ठेवलेलं होतं. भिंतीवर काचेत मूळ जमिनीचा नकाशा लावला होता. सवयीने साहेब नकाशाजवळ गेले, सवयीने त्यांनी प्रमाण पाहिलं, उत्तर दिशा पाहिली, आणि मग उजव्या कोपऱ्यात सही पाहिली. 'समक्ष जागेवर जाऊन मोजणी केली. जागा पडीक. वस्ती नाही.' खाली सही, तिच्या शेवटी ओढलेली सरळ रेघ, आणि एकोणतीस वर्षांपूर्वीची आजचीच तारीख.

साहेबांना सगळं आठवलं. खरं म्हणजे आठवायला ते कुठे गेलंच नव्हतं. त्या सकाळी नकाशा टेबलावर होता, जागेवर जाण्यासाठी जीप खाली उभी होती, आणि शेजाऱ्यांचा फोन आला की बायकोला इस्पितळात नेलंय. साहेब पुन्हा खुर्चीत बसले, तीन वाक्यं लिहिली, सही केली आणि पळाले. किनाऱ्यालगतची एवढीशी पट्टी, तिथे असणार काय? पडीकच असणार.

"काय पाहताय, बाबा?" लेकीने विचारलं.

"काही नाही. नकाशा चांगला काढलाय," साहेब म्हणाले आणि नकाशाकडे पाठ करून उभे राहिले.

डॉक्टरांच्या काठ्या उचलायला एक म्हातारा माळी आला. कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा. साहेबांकडे पाहून तो ओळखीचं हसला. "बरोबर अकराला आलात," तो म्हणाला. "तुमची वेळ पाळायची पद्धत ऐकून होतो."

पहिली सहा भोकं डॉक्टरांनी कशीबशी पार केली. त्यांचा खेळ म्हणजे बराचसा गवतावर राग काढण्याचा प्रकार होता, आणि प्रत्येक फटक्यानंतर ते वाऱ्याला दोष देत. वारा नव्हता. झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते, आणि दूरवर समुद्र दिसत असूनही त्याचा आवाज येत नव्हता.

सातव्या भोकाशी आल्यावर साहेबांना विमावाल्यांची आठवण झाली. इथलं गवत वेगळ्या तऱ्हेने कापलेलं होतं. यंत्र जणू चौकोनांना वळसे घालून फिरलं होतं. मधले चौकोन गर्द, आणि त्यांच्या मधून फिकट बोळ गेलेले. डॉक्टरांनी चेंडू मारला. तो छान उंच गेला, गवतावर उतरला आणि टण्ण असा आवाज झाला. भांड्यावर पडावा तसा. मग ते भांडं कुणीतरी उचलून ठेवल्याचाही आवाज आला.

"दगड असेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दुसरा चेंडू मारला. या वेळी दाराची कडी वाजली. तिसऱ्या चेंडूला कुणीतरी खोकलं. मग फोडणीत करपलेल्या कांद्याचा वास आला, इतका स्पष्ट की साहेबांची बायको नकळत म्हणाली, "अगं, गॅस बारीक कर."

ती कुणाला म्हणाली, हे कुणीच विचारलं नाही.

"चेंडू शोधू या," डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा आवाज दात काढताना रोग्याचा होतो तसा झाला होता. सगळे त्या फिकट बोळातून पुढे निघाले. साहेब सर्वांत मागे होते, म्हणून त्यांना ते दिसलं. बायको एका जागी आल्यावर अंग चोरून तिरकी झाली, अरुंद जागेतून जावं तशी. लेकीने भर सपाट गवतावर पाय उचलून कसला तरी उंबरठा ओलांडला. पुढे एका ठिकाणी डॉक्टरांनी टोपीवर हात ठेवून मान खाली घातली, त्यांच्यामागे बायकोने, तिच्यामागे लेकीने. तिथे काही नव्हतं. नुसतं ऊन होतं. साहेब तिथे पोचले आणि मान ताठ ठेवून जायचं असं त्यांनी ठरवलं. ओल्या कपड्याची कड त्यांच्या कपाळाला लागली, थंडगार.

साहेबांनी कपाळ पुसलं. "माळीबुवा," ते म्हणाले, "इथे काय आहे?"

"अकरा घरं आणि एक विहीर," माळी म्हणाला. "ते पांढरेवाले साहेब उगाच मध्ये मध्ये चेंडू मारतात. पोरं झोपलेली असतात."

"पण घरं तर पाडली असतील ना? तुम्हाला उठवलं असेल."

"कुणाला उठवणार, साहेब?" माळी समजुतीच्या स्वरात म्हणाला. "कागदावर वस्तीच नव्हती. यंत्रं आली, माणसं आली, आम्ही सांगायला गेलो की आम्ही इथे राहतो. त्यांनी कागद दाखवला. वस्ती नाही. मग त्यांना आम्ही दिसेनासे झालो. नसलेल्या माणसांना उठवता येत नाही, म्हणून आम्ही आहोत तिथेच आहोत. फक्त मोजणीवाले येतील म्हणून वाट पाहत होतो. मोजणीवाल्या साहेबांची ख्याती होती ना, जागेवर गेल्याशिवाय सही करत नाहीत म्हणून. मग आम्हाला वाटलं, येतीलच."

डॉक्टर साहेबांकडे पाहत होते. बायको गवताकडे पाहत होती. चौतीस वर्षांत कमावलेलं एकच वाक्य साहेबांजवळ होतं. ते व्याह्यांसमोर, लेकीसमोर मोडायचं होतं, आणि तेही भर उन्हात, दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून. साहेबांना खोकला काढावासा वाटला, गुडघ्याची सबब सांगावीशी वाटली. मग त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की शब्द आपोआप बाहेर पडले.

"मी आलो नव्हतो," ते म्हणाले. "कचेरीत बसून लिहिलं. वस्ती नाही म्हणून. मीच."

"कधी?" लेकीने विचारलं.

"तू साडेअकराला झालीस. मी अकराला सही केली."

साहेबांना वाटलं, लेक आता रडेल किंवा रागावेल. पण ती सरळ माळ्याजवळ गेली. माळ्याने खिशातून मोजणीची फीत काढून पुढे केली, कापडी, कडेला विटलेली. लेकीने तिचं एक टोक धरलं. "चला, बाबा," ती म्हणाली. "कुठून सुरू करायचं असतं?"

"उत्तर कोपऱ्यातून," साहेब म्हणाले.

अडीच तास मोजणी चालली. माळी पुढे जाऊन दारं उघडल्यासारखा हात करी, आत कुणाशी तरी बोले आणि नावं सांगे. विहिरीजवळची मावशी, लोहार, दोन जुळे भाऊ, शिकवणीवाल्या बाई. साहेबांनी सगळं डॉक्टरांच्या गुण लिहायच्या कार्डामागे बारीक अक्षरात उतरवलं. दोन ठिकाणी भिंतीची लांबी जुळेना, तेव्हा ते पुन्हा जाऊन मोजून आले. मधे कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. तो त्यांनी पिऊन परत केला, आणि कुणाला परत केला ते पाहिलं नाही.

"पंच म्हणून दोन सह्या लागतात," साहेब शेवटी म्हणाले. एक बायकोने केली. डॉक्टर पुढे झाले, थांबले, खाली वाकले आणि त्यांनी ते पांढरे बूट काढून हातात घेतले. "लोकांच्या घरातून खिळ्यांनी चालत होतो मी," ते ओशाळून म्हणाले आणि अनवाणी येऊन त्यांनी सही केली. त्यांचा खेळ सातव्या भोकावर संपला. चेंडू मात्र तिन्ही परत मिळाले, बोळाच्या तोंडाशी ओळीने मांडून ठेवलेले, धुऊन पुसून.

घरी येऊन साहेबांनी आपल्या जुन्या खात्याकडे रीतसर हरकत नोंदवली. सोबत नकाशा, नावं, पंचांच्या सह्या, आणि एक वाक्य जे लिहायला त्यांना संपूर्ण रविवार लागला: मूळ मोजणीदार जागेवर गेला नव्हता, तो मीच.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'आपली हरकत फेटाळण्यात येत आहे. तत्कालीन मोजणीदार हे समक्ष जागेवर गेल्याशिवाय सही करीत नसत, ही बाब सर्वश्रुत असल्याने मूळ नोंदीबाबत शंका घेण्यास वाव नाही.'

साहेबांनी ते तीनदा वाचलं. दाराशी उभ्या असलेल्या शिवणकामवाल्या काकूंनी मान वाकडी करून एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल!" साहेब आत जाऊन पलंगावर आडवे झाले. एवढा चांगला अपमान त्यांचा आजवर कुणी केला नव्हता.

आठवडाभर त्यांनी पलंग फारसा सोडला नाही. मग एका सकाळी खात्यातल्या आवक-जावकच्या कारकुनाचा फोन आला. साहेबांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस, नियमाला पक्का.

"साहेब, तुमच्या त्या हरकतीच्या निकालाबद्दल विचारायचं होतं. तुम्हीच शिकवलंत ना, अर्जात ज्यांची नावं असतील त्या सगळ्यांना निकालाची प्रत पाठवायची? मी पाठवल्या. घर क्रमांक एक ते अकरा."

"मग?"

"मग काय, अकराच्या अकरा पोहोचपावत्या सह्या होऊन परत आल्या. पोस्टमन म्हणतो, तिथे नुसतं गवत आहे. पण कडी वाजवली की लोक लगेच दार उघडतात." कारकुनाने कागद चाळले. "साहेब, मी कागदपत्रात आता काय धरू, वस्ती आहे की नाही? पावत्या फाईलला लावू की नको? एकदा लावल्या की सरकारी कागदावर येतात हो."

फोनमध्ये मागे कुठेतरी बादली भरत होती. साहेब पलंगावरून उठले आणि ताठ उभे राहिले.

"लाव," ते म्हणाले. "वस्ती आहे. मी जागेवर जाऊन आलोय."